आयर्विनला किती फूट? एक पान सर्व्हरवर चढवताना

पावसाळ्यात सांगलीत कोणी कोणाला भेटलं की हमखास विचारतं, ‘आयर्विनला किती फूट?’ कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. तिथली पाणीपातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर गेली की धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्याही वर गेली होती आणि शहराचा मोठा भाग पाण्यात होता. जुलै २०२१ मध्ये ती पुन्हा ५० च्या पुढे गेली. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड, मारुती चौक इथली माणसं या एका आकड्यावरून ठरवतात, सामान माळ्यावर कधी चढवायचं, जनावरं कधी हलवायची, म्हाताऱ्या आईला मिरजेला बहिणीकडे कधी पोचवायचं.

आकडा सांगलीचा असला तरी पाणी सातारा जिल्ह्यातून येतं. महाबळेश्वरला पाऊस किती झाला, वाईच्या वरच्या धोम धरणातून किती सोडलं, १०५.२५ टीएमसीच्या कोयना धरणातून विसर्ग किती चालू आहे, नुसत्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक, की वक्र दरवाजेही उचललेत? कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे ते सगळं सांगलीकडे येतं. जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन ही माहिती देतात. लोकांच्या हातात मात्र ती बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवरच्या फोटोच्या रूपात पोचते. कागदाचा फोटो, त्याचा पुन्हा फोटो, वर कोणी लाल गोल काढलेला, आणि खाली प्रश्न, ‘हा आजचा का कालचा?’

या प्रश्नावरचा साधा उपाय म्हणजे एकाच कायम पत्त्यावर असलेलं एकच पान. आत पातळी, वेळ आणि माहिती कुठून घेतली ते. असं पान गावातलं एखादं वाचनालय, तरुण मंडळ किंवा महाविद्यालयातली दोन मुलंही चालवू शकतात. त्याला मोठा खर्च लागत नाही आणि पदवीही लागत नाही. ते पान कागदावरच्या मजकुरापासून लोकांच्या मोबाइलपर्यंत कसं जातं, ते क्रमाने पाहू.

वेबपान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. वर्डमध्ये केलेली नव्हे, कारण वर्ड आपल्या फाइलीत स्वतःचं बरंच काही भरतो. नोटपॅडसारख्या साध्या संपादकात लिहायची आणि एचटीएमएलच्या खुणा घालायच्या. मथळा कुठला, परिच्छेद कुठे संपतो, तक्ता कुठे सुरू होतो, एवढं त्या खुणा ब्राउझरला सांगतात. दहा-बारा खुणांत आपलं काम भागतं. पानावर दिसणारा मजकूर नमुन्यादाखल असा असेल:

कृष्णा नदी, आयर्विन पूल, सांगली
पातळी: ३८ फूट ४ इंच, वाढ सुरू
नोंदीची वेळ: सकाळी ८
इशारा ४० फूट, धोका ४५ फूट
माहिती: जिल्हा पूर नियंत्रण कक्ष
हे पान सरकारी नाही. अधिकृत सूचनेसाठी १०७७

शेवटच्या ओळी हव्यातच. पान कोण चालवतं, आकडा कुणाचा आहे आणि शंका आली तर कुठे विचारायचं, हे न सांगता पुराचा आकडा लोकांपुढे ठेवणं मला गैर वाटतं. १०७७ हा आकडा नुसता छापू नका, त्याला फोनची लिंक जोडा, म्हणजे बोट ठेवलं की मोबाइल क्रमांक डायल करायला घेतो. घाईत असलेल्या माणसाला आकडा लक्षात ठेवून परत टाइप करायला लावायचं नाही.

या फाइलीच्या वरच्या भागात, वाचकाला न दिसणाऱ्या तीन गोष्टी लिहाव्या लागतात. पान मराठीत आहे. पान मोबाइलच्या रुंदीप्रमाणे मांडायचं आहे. आणि अक्षरं यूटीएफ-८ पद्धतीने साठवली आहेत. यातली तिसरी गोष्ट राहिली की मराठी पानाची वाट लागते.

‘सांगली’ हा शब्द घ्या. संगणकाच्या दृष्टीने त्यात सहा चिन्हं आहेत: स, काना, अनुस्वार, ग, ल आणि दीर्घ वेलांटी. युनिकोडमध्ये प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे ‘सांगली’ १८ बाइटचं. ‘सातारा’ही मोजून पाहा, तीन अक्षरं आणि तीन काने, तेही १८. आता ब्राउझरला पद्धत कोणती ते सांगितलंच नाही आणि त्याने जुनी पाश्चात्त्य लिपीची पद्धत गृहीत धरली, तर तो दर तीन बाइटचं एक अक्षर वाचण्याऐवजी एकेका बाइटचं एकेक चिन्ह काढतो. सहा चिन्हांच्या जागी अठरा चिन्हांचा कचरा दिसतो. त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन लिपीतला ‘ए’ पुन्हा पुन्हा येतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच असतो. पान असं दिसलं तर मजकूर पुन्हा टाइप करत बसू नका. मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त वरची ती एक ओळ नसते. नोटपॅडमधून फाइल जतन करतानाही एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-८ आहे ना, ते बघून घ्यावं.

मजकूर छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून आला असेल तर आणखी एक अडचण येते. श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेल्या मजकुरात खाली रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात, वर मराठीचा मुखवटा असतो. तो फाँट ज्याच्या मोबाइलवर नाही त्याला काहीच वाचता येत नाही, आणि शोधयंत्रालाही नाही. असा मजकूर आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायचा आणि मग डोळ्यांनी एकदा पूर्ण तपासायचा. रफार आणि पहिली वेलांटी इथे हमखास इकडेतिकडे होतात. नवीन पानासाठी फाँट जोडायची गरजही नाही, देवनागरी फाँट मोबाइलमध्ये आधीपासून असतो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ फोटो टाकला तर? मला हे मुळीच पटत नाही. फोटोतला आकडा शोधून सापडत नाही, दृष्टिहीन माणसाचा मोबाइल तो वाचून दाखवू शकत नाही, आणि आपलं चार-पाच केबीत मावणारं पान फोटोच्या रूपात सहज शंभर-दीडशे केबीचं होतं. पुराच्या दिवसांत टॉवर बंद पडतात, जे उरतात त्यांच्यावर सगळं गाव लटकतं. तेव्हा चार केबी पोचतात आणि दीडशे केबी गोल फिरत राहतात. मजकूर मजकूर म्हणून ठेवल्याने काय साधतं ते वाईच्याच कामात दिसतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली तिथे मराठी विश्वकोश उभा राहिला, पहिला खंड १९७६ साली आला. आज त्याच्या नोंदी राज्य सरकारच्या संकेतस्थळावर युनिकोड मजकूर म्हणून मोफत वाचता येतात. जाड खंड हातात न घेता शाळकरी मुलगा एक शब्द टाकून नोंदीपर्यंत जातो. पानापानांचे फोटो चढवले असते तर हे झालं नसतं.

फाइल तयार झाली. ती आपल्या संगणकावर ब्राउझरमध्ये उघडते, पण फक्त आपल्यालाच. इतरांना ती दिसण्यासाठी ती सर्व्हरवर जावी लागते. सर्व्हर म्हणजे सतत चालू, सतत इंटरनेटला जोडलेला संगणक, आणि त्यावर चालणारा, मागेल त्याला फाइल काढून देणारा प्रोग्राम. अपाची हा त्यातला जुना, १९९५ चा. एंजिनएक्स २००४ चा. वाचकाचा मोबाइल विचारतो, ‘अमुक पत्त्यावरचं पान दे.’ सर्व्हर नेमून दिलेल्या फोल्डरात बघतो. फाइल असली तर आधी २०० हा आकडा पाठवतो, म्हणजे सगळं ठीक. मग फाइलीचा प्रकार आणि अक्षरांची पद्धत सांगतो आणि मागोमाग फाइल पाठवतो. फाइल नसली तर ४०४. असली पण वाचायची परवानगी नसली तर ४०३. सर्व्हरच्याच आत काही बिघडलं तर ५००. हे आकडे कळले की अर्धी दुरुस्ती तिथेच होते, कारण चूक कुठे शोधायची ते कळतं.

हे सगळं घरच्या घरी करून बघता येतं आणि प्रत्येकाने एकदा करावंच. संगणकावर पायथन असेल तर एका ओळीच्या आज्ञेने त्या फोल्डरापुरता तात्पुरता सर्व्हर चालू होतो, सहसा ८००० क्रमांकाच्या पोर्टवर. त्याच वायफायवरच्या मोबाइलमध्ये संगणकाचा आयपी पत्ता, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि पुढे पोर्ट टाकला की पान मोबाइलवर येतं. तेवढ्यात संगणकाच्या पडद्यावर एक ओळ उमटते: कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणती फाइल मागितली आणि उत्तर काय गेलं. फाइलीचं नाव मुद्दाम चुकीचं टाकून बघा, ४०४ ची ओळ येईल.

मग हाच घरचा संगणक कायम का चालू ठेवू नये? स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तो त्यांच्या टेबलावरच्या संगणकावरच होता. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. सांगलीत चिठ्ठी पुरणार नाही. पाणी शिरलेल्या भागात महावितरण सुरक्षेसाठी वीज बंद करतं. शिवाय बहुतेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा कायमचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवते. म्हणून बाहेरून आपल्या संगणकापर्यंत कोणी पोचूच शकत नाही. आणि सगळ्यात मोठं कारण, पुराची खबर देणारं यंत्र पुराच्या टापूत नसावं. जागा मुंबईच्या किंवा आणखी कुठल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावी.

भाड्याचे प्रकार तीन. सामायिक होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळं असतात, आपल्याला एक फोल्डर आणि कंट्रोल पॅनेल मिळतं. व्हीपीएस घेतला तर सर्व्हर जवळपास पूर्ण आपल्या ताब्यात असतो, पण त्याची डागडुजीही आपल्याकडे येते, आणि ती नियमित करणारा माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. तिसरा प्रकार स्थिर पानांसाठीचा, गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस यांसारखा, आणि छोट्या कामाला मोफत. आपल्या पाणीपातळीच्या पानासाठी मी बेधडक हाच सुचवेन. कारण इथे प्रत्येक वाचकासाठी डेटाबेसमध्ये जाऊन नवं पान जुळवावं लागत नाही, तयार फाइल तशीच उचलून दिली जाते. एरवी दिवसाला पन्नास जण येणारं पान पातळी ४० वर गेल्याच्या रात्री सगळं शहर उघडत असतं. त्या वेळी डेटाबेसवर चालणारी पानं कोलमडतात.

आता पत्ता. सर्व्हरला आयपी क्रमांक असतो, माणसांना नाव लागतं. डॉट इन या शेवटाची नावं २००५ पासून सर्वांना खुली आहेत, त्यांची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते आणि आपण नाव घेतो ते एखाद्या रजिस्ट्रारकडून, वर्षाच्या बोलीवर. २०१४ पासून डॉट भारत असं देवनागरीतलं नावही घेता येतं. ते घ्यायला हरकत नाही, पण मुख्य पत्ता छोटा, रोमन लिपीतला आणि फोनवर एका दमात सांगता येईल असा ठेवावा. पुराच्या रात्री पत्ता तोंडी सांगितला जातो.

नाव कोणाच्या नावावर घ्यायचं हा तांत्रिक प्रश्न वाटत नाही, पण संकेतस्थळं मरतात ती इथेच. हौशी मुलगा स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो, दोन वर्षांनी नोकरीला पुण्याला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलमध्ये पडून राहते आणि ऐन जुलैत नाव सुटतं. सुटलेलं नाव दुसऱ्याने घेतलं तर परत मिळवणं महाकठीण. डोमेन संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ईमेलवर घ्या, पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडे ठेवा, आणि मुदत संपण्याचा महिना पावसाळ्यात येणार नाही असं बघा.

नाव घेतल्यावर ते सर्व्हरशी जोडायचं. रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये डीएनएस नोंदी असतात. ‘ए’ प्रकारच्या नोंदीत नावासमोर सर्व्हरचा आयपी क्रमांक लिहायचा. प्रत्येक नोंदीला टीटीएल नावाची मुदत असते, इतरांनी ही नोंद किती सेकंद लक्षात ठेवावी ती. ती एक दिवसाची ठेवली आणि ऐन पुरात सर्व्हर बदलायची वेळ आली, तर निम्मे लोक दिवसभर जुन्याच दारात उभे राहतील. पावसाळ्याआधी ती ३०० सेकंदांवर आणून ठेवावी.

फाइल चढवायला सामायिक होस्टिंगवर एसएफटीपी वापरायचं. जुन्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, तो टाळावा. फाइलझिलासारख्या प्रोग्राममध्ये डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर. सर्व्हरचं वाचकांसाठीचं फोल्डर सहसा पब्लिक एचटीएमएल या नावाचं असतं. फाइल त्याच्या बाहेर पडली तर कोणाला दिसत नाही. मुख्य फाइलीचं नाव इंडेक्स, सगळी अक्षरं छोटी. विंडोजला मोठं-छोटं अक्षर सारखंच, बहुतेक सर्व्हरवर लिनक्स असतो आणि त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. घरी चालणारी लिंक सर्व्हरवर ४०४ देते, ती बहुतेक यामुळेच. नावात जागा सोडू नका, आणि फाइलीचं नाव मराठीत ठेवायचा मोहही आवरा. पत्त्यात ‘सांगली’ आलं की अठरा बाइटपैकी प्रत्येकाची तीन-तीन रोमन चिन्हं होतात. सहा चिन्हांचा शब्द व्हॉट्सअॅपवर चिकटवला की ५४ चिन्हांची, टक्क्यांच्या खुणांनी भरलेली रांग होते, आणि लोक तिला फसवणुकीची लिंक समजून उघडत नाहीत. मराठी पानात असू द्या, पत्त्यात रोमन.

फाइल चढली, तरी ४०३ आलं तर परवानगी बघा. फाइलीला ६४४ आणि फोल्डरला ७५५ हे नेहमीचे आकडे. लिहायचा हक्क मालकाला, वाचायचा सर्वांना. घाईत ७७७ देऊन मोकळं होणारे पुष्कळ दिसतात. त्याने सर्व्हरवरच्या इतरांनाही आपली फाइल बदलायची मुभा मिळू शकते, आणि पुराचा आकडा कोणीही बदलू शकेल असं पान नसलेलं बरं.

त्याच कारणासाठी एचटीटीपीएस हवं. ते नसेल तर वाचक आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसलेला कोणीही पान बदलून पाठवू शकतो, आणि ब्राउझर पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं दाखवतो. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ च्या अखेरपासून त्यासाठीचं प्रमाणपत्र सर्वांना मोफत देते. नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं, नूतनीकरण आपोआप होणारं. मोफत होस्टिंगवाले हे बहुधा स्वतःच लावून देतात.

आता सगळ्यात धोक्याची जागा. मोबाइल एकदा आणलेलं पान जवळ साठवून ठेवतो, म्हणजे पुन्हा डेटा खर्च होत नाही. किती वेळ साठवायचं ते सर्व्हर कॅशे कंट्रोल या ओळीत सांगतो. तिथे चुकून एक दिवस राहिला तर आयर्विनला ४३ फूट झालेले असताना वाचकाला सकाळचे ३८ दिसत राहतील, आणि तो माणूस घरात थांबेल. चित्रांना लांब मुदत चालते, या पानाला फार तर काही मिनिटांची. गिटहब पेजेसवर ती दहा मिनिटांची असते आणि आपल्याला बदलता येत नाही, पण तासातासाने बदलणाऱ्या आकड्याला तेवढं चालून जातं. तरीही नोंदीची वेळ आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात लिहावी. पान शिळं असलं तर निदान शिळं आहे हे दिसलं पाहिजे. नवीन आकडा आला नसेल तर जुन्या आकड्याची वेळ पुढे सरकवायची नाही, कितीही फोन आले तरी.

चढवल्यावर तपासणी आपल्या संगणकावर करू नका, तिथे साठवलेली प्रत फसवते. दुसऱ्याचा स्वस्तातला मोबाइल घ्या, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. अक्षरं नीट आहेत का, आकडा न सरकवता दिसतो का, १०७७ वर बोट ठेवल्यावर फोन लागायला निघतो का, ते बघा. ही रंगीत तालीम मे महिन्यात करावी आणि आकडा बदलणारी किमान दोन माणसं तयार ठेवावीत, एक नदीपासून लांबच्या उपनगरात राहणारा. दोघांनीही मोबाइलवरून आकडा बदलून दाखवायचा.

पावसाळा सरल्यावर पान पुसून टाकण्याची पद्धत आहे, ती सोडावी. वर्षाच्या नावाचं एक फोल्डर करून त्यात त्या हंगामाच्या सगळ्या नोंदी तक्त्याच्या रूपात ठेवाव्यात: तारीख, वेळ, आयर्विनची पातळी, कोयनेचा विसर्ग. सोबत तोच तक्ता सीएसव्ही फाइल म्हणूनही ठेवावा, म्हणजे कोणालाही तो उचलून आलेख काढता येईल. पाच-सहा वर्षांच्या नोंदी शेजारीशेजारी आल्या की कोयनेतला विसर्ग वाढल्यावर किती तासांनी आयर्विनला फरक पडतो, याचा अदमास कोणालाही स्वतः घेता येईल. मुख्य पत्त्यावर चालू वर्षाचं पान, आणि त्यावर खाली मागच्या वर्षांच्या लिंका. एकदा दिलेला पत्ता बदलायचा नाही. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी प्रकल्पासाठी तो तक्ता मागेल, आणि नदीकाठी घर बांधायला काढलेला माणूस जोतं किती उंच घ्यायचं ते ठरवण्यासाठी.